राज्याची ध्वजनौका : सार्वजनिक विद्यापीठ मोठे कशाने होते?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'सर, चांगले विद्यापीठ कोणते?' थोडे खोलात शिरले की कळते, विचारणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी असतात. नाव किती मोठे आहे आणि फी किती पडेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु यांच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. जे विद्यापीठ जनतेच्या पैशावर उभे आहे, ते मोठे आहे हे ओळखावे कशावरून? आज मी याच प्रश्नावर थोडे बोलणार आहे. उदाहरणे अमेरिकेतली घेणार आहे, कारण या प्रश्नाचा विचार त्या देशात दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्यांच्या यशापयशातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची सरकारी विद्यापीठे आहेत. त्यांपैकी एकाला लोक 'फ्लॅगशिप' म्हणतात. हा शब्द आरमारातला आहे. ताफ्यात अनेक गलबते असतात. ज्या गलबतावर सेनापतीचे निशाण फडकते ती ध्वजनौका. बाकीची जहाजे तिच्याकडे पाहून दिशा धरतात. मिशिगन, विस्कॉन्सिन, आयोवा, टेक्सास या राज्यांच्या नावांची विद्यापीठे किंवा कॅलिफोर्नियातील बर्कलीचे विद्यापीठ ही त्या त्या राज्याची ध्वजनौका समजली जातात. बहुधा हे राज्यातले जुने विद्यापीठ असते, तेथे बहुतेक सर्व विद्या शिकवल्या जातात, डॉक्टरेटपर्यंतचे संशोधन चालते, आणि राज्यातल्या हुशार मुलांचा ओढा तिकडे असतो.

हा मान सहसा कायद्याने मिळत नाही. न्यूयॉर्क राज्यात असे एकच सरकारी विद्यापीठ नव्हते. २०२२ साली तेथील राज्यपालांनी स्टोनी ब्रुक आणि बफेलो या दोन विद्यापीठांना ध्वजनौकेचा दर्जा जाहीर केला. घोषणा एका दिवसात होते, पण दर्जा कमवायला काही पिढ्या जातात. तो कसा कमावला जातो याच्या मला पाच कसोट्या दिसतात. त्या एकेक करून आपल्यापुढे ठेवतो.

पहिली कसोटी : समाजाने त्याच्यासाठी काय राखून ठेवले?

जस्टिन मॉरिल नावाचे एक गृहस्थ अमेरिकेच्या संसदेत होते. लोहाराचा मुलगा. परिस्थितीमुळे पंधराव्या वर्षी शाळा सोडावी लागली. पुढे दुकानदारी करून ते वर आले, आणि ज्या शिक्षणाला आपण मुकलो ते कष्टकऱ्यांच्या मुलांना मिळावे यासाठी त्यांनी एक विधेयक मांडले. १८५९ साली अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नामंजूर केले. मॉरिल यांनी चिकाटी सोडली नाही. २ जुलै १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली. त्या वेळी देशात यादवी युद्ध पेटले होते, हे लक्षात घ्या. संसदेतील राज्याच्या प्रत्येक प्रतिनिधीमागे ३० हजार एकर या हिशेबाने राज्यांना सरकारी जमीन मिळाली. ती विकून येणाऱ्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची, अशी अट होती. आपल्याकडे देवस्थानाला इनाम असते किंवा मशिदीला वक्फ असते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे इनाम विद्येला मिळाले.

टेक्सासची हकीकत याहून नवलाची आहे. त्या राज्याने १८७६ आणि १८८३ साली मिळून सुमारे वीस लाख एकर जमीन विद्यापीठाच्या नावे राखून ठेवली. पश्चिमेकडची ती जमीन अशी रुक्ष की कोणी फुकट घेणार नाही. १९२३ साली तिच्याखाली खनिज तेल लागले! आज टेक्सासचे विद्यापीठ धनवान आहे ते त्या ओसाड माळामुळे. मात्र जे राखून ठेवले ते कोणी मोडून खाल्ले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. राखणदारी नसती तर तेल निघाले त्या दिवशी जमीन भलत्याच्याच नावावर निघाली असती.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. यातली बरीचशी जमीन तेथील मूळ रहिवाशांकडून बळाने किंवा नाममात्र मोबदल्यात घेतलेली होती. विद्येच्या मोठ्या इमारतींखाली कोणाचे तरी गेलेले घर असू शकते. म्हणून तर अशा विद्यापीठाचे ऋण अधिक मोठे ठरते.

दुसरी कसोटी : दार कोणासाठी उघडे आहे?

आयोवाच्या विद्यापीठात १८५५ साली वर्ग सुरू झाले तेव्हापासून मुलगे आणि मुली एकत्र शिकल्या. मिशिगनने मुलींना प्रवेश दिला तो १८७० साली. ज्या काळात मुलीने फार शिकले तर तिची प्रकृती बिघडते असे नामांकित डॉक्टर लिहीत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. आपल्या वस्तीत आजही 'मुलीला कशाला एवढे लांब पाठवायचे' असे म्हणणारे भेटतात, म्हणून ही सने मी मुद्दाम सांगितली.

पण सर्वांसाठी दार उघडे होते असे समजू नका. १९४६ साली हेमन स्वेट नावाच्या एका कृष्णवर्णीय पोस्टमनने टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात अर्ज केला. शिक्षण पुरेसे होते. अडसर होता तो केवळ वर्णाचा. राज्य सरकारने त्याला आत घेण्याऐवजी कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईने वेगळे कायदा महाविद्यालय काढले. 'घ्या, तुम्हालाही दिले!' असा सरकारचा पवित्रा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दोन्हींचा हिशेब मांडला. विद्यापीठाच्या महाविद्यालयात पूर्णवेळ प्राध्यापक १६, विद्यार्थी ८५० आणि ग्रंथ ६५ हजार. नव्या महाविद्यालयात प्राध्यापक ५, विद्यार्थी २३ आणि ग्रंथ साडेसोळा हजार. परंतु न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. १९५० च्या आपल्या एकमुखी निकालात ते म्हणाले की, ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्यांनीच विद्यालय मोठे होते. अध्यापकांची कीर्ती, माजी विद्यार्थ्यांचे स्थान, परंपरा, समाजातली पत, आणि ज्यांच्याबरोबर पुढे आयुष्यभर काम करायचे त्यांच्याशी होणारी ओळख, या त्या गोष्टी. स्वेट यांना प्रवेश द्यावा लागला. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना तेथील अभ्यासक्रम पुरा करता आला नाही, पण त्यांनी उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही.

पालकहो, हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आपल्यासाठी वेगळी, लहानशी, आपल्यापुरती सोय झाली की आपण समाधान मानतो. आपली संस्था, आपली शाळा ही हवीच. मी स्वतः अशाच शाळेत शिकवतो आणि तिचा मला अभिमान आहे. पण आपली शाळा हा उंबरठा आहे. तो ओलांडून मुलाने आणि मुलीने राज्याच्या मोठ्या विद्यापीठात जायचे आहे, सर्वांच्या शेजारी बसायचे आहे. साडेसोळा हजार ग्रंथांत खूश राहून पासष्ट हजारांवरचा हक्क सोडणे शहाणपणाचे नाही.

त्याच टेक्सासात १९९७ साली असा कायदा झाला की, राज्यातल्या कोणत्याही शाळेत, मग ती शहरातली असो वा आडगावची, वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाच पाहिजे. अर्ज इतके वाढले की पुढे ऑस्टिन येथील मुख्य विद्यापीठापुरती त्यावर मर्यादा घालावी लागली. तरी तत्त्व चांगले आहे : ज्याला जशी शाळा मिळाली तीत तो कसा चमकला, हे पाहा. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्यानंतर अशा मार्गांचे महत्त्व आणखी वाढले आहे.

दाराला दुसराही अडसर असतो, तो पैशाचा. आपले जयप्रकाश नारायण १९२२ साली शिकण्यासाठी अमेरिकेत गेले. शेतांत राबून, हॉटेलांत कामे करून ते शिकले. बर्कलीची फी परवडेना म्हणून ते आयोवाला गेले, तेथून विस्कॉन्सिन, आणि एम. ए. झाले ओहायो राज्य विद्यापीठातून. ही सर्व सरकारी विद्यापीठे. अशीच विद्यापीठे नसती तर खिशात पैसा नसलेल्या त्या बिहारी तरुणाने काय केले असते? आज मात्र चित्र पुष्कळ बदलले आहे. राज्यांनी हात आखडता घेतला, फी वाढल्या, आणि बाहेरच्या राज्यांतून जास्त फी भरणारे विद्यार्थी घेण्याचा मोह अनेक विद्यापीठांना पडतो. ध्वजनौकेवर फक्त श्रीमंत उतारूच चढू लागले तर ती राज्याची कसली?

कॅलिफोर्नियाने १९६० साली एक आराखडा केला. पहिल्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, पहिल्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि ज्यांना शिकायचे आहे अशा सर्वांना गावोगावची दोन वर्षांची महाविद्यालये. विशेष असे की, या शेवटच्या महाविद्यालयात दोन वर्षे चांगला अभ्यास केलेल्या मुलाला थेट मोठ्या विद्यापीठात जाता यावे, अशी वाट त्यांनी ठेवली. एका परीक्षेत मागे पडलेल्याचे आयुष्य तिथेच संपू नये, हा त्यामागचा विचार.

तिसरी कसोटी : तेथे नवे ज्ञान जन्म घेते काय?

पुस्तकातले शिकवून परीक्षा घेणे हे तर कोणतेही कॉलेज करते. मोठे विद्यापीठ पुस्तकात उद्या काय छापले जाईल ते शोधते. बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स यांनी सायक्लोट्रॉन हे अणूचा वेध घेणारे यंत्र उभारले. तेथे सापडलेल्या दोन मूलद्रव्यांची नावेच बर्केलियम आणि कॅलिफोर्नियम अशी आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गातला आवर्तसारणीचा तक्ता पाहावा.

आणि हरगोविंद खोराना! पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या, रायपूर नावाच्या शंभरएक वस्तीच्या खेड्यात ते जन्मले. वडील पटवारी, त्या खेड्यात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ हे एकच कुटुंब. हा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला, १९६० साली विस्कॉन्सिन विद्यापीठात आला, आणि पेशींतल्या आनुवंशिक लिपीचे कोडे सोडवण्यात मोलाचा वाटा उचलून १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. पटवाऱ्याच्या मुलाला प्रयोगशाळा मिळाली ती एका राज्याच्या सरकारी विद्यापीठात.

चौथी कसोटी : राज्यातल्या शेवटच्या घरापर्यंत ते पोहोचते काय?

ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य. एके काळी तेथे दुधाचा भाव वजनावर ठरे. जो पाणी घाले किंवा साय काढून घेई त्याला आणि प्रामाणिक गवळ्याला सारखाच भाव. १८९० साली विद्यापीठातले प्राध्यापक स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली स्निग्धता मोजण्याची सोपी व स्वस्त रीत काढली, आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांना मोकळी केली. लबाडी उघडी पडली आणि प्रामाणिक माणसाला दाम मिळू लागला. आपल्या गावच्या डेअरीत 'फॅट' लावून दर देतात, ती कसोटीही याच जातीची.

या विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असा विचार मांडला की, विद्यापीठाचा हितकारक प्रभाव राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचेपर्यंत आपल्याला समाधान वाटणार नाही. 'विस्कॉन्सिन विचार' म्हणून तो प्रसिद्ध आहे. प्राध्यापकांनी कायदे तयार करण्यात सरकारला साह्य केले. कामावर जखमी होणाऱ्या मजुराला भरपाई देणारा कायदा या राज्याने १९११ साली केला. आणि १९३५ साली साऱ्या अमेरिकेसाठी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा जो कायदा झाला, त्याच्या घडणीत याच विद्यापीठातले एडविन विट्टे अग्रभागी होते.

१९३३ च्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगतो. गुरे दगावत होती म्हणून हवालदिल झालेला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत विद्यापीठाच्या गावी आला. गाडीत मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बिघडलेल्या चाऱ्याचा भारा. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचे दार त्याला उघडे मिळाले. त्या दिवशी त्याच्या गुरांवर तत्काळ इलाज काही मिळाला नाही. पण लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या रक्ताच्या मागे लागले. सहा वर्षांनी चाऱ्यातले ते द्रव्य त्यांनी वेगळे काढले. त्याच मालिकेतून पुढे वॉरफरिन निघाले : १९४८ साली उंदरांचे विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांच्या रक्तात गुठळी होऊ न देणारे औषध म्हणून. आज आपल्या शहरांतही हृदयाची झडप बदललेले रुग्ण ही गोळी घेतात.

मित्रहो, यात नवल कशाचे मानायचे? औषधाचे तर आहेच. पण त्याहून मोठे नवल हे की, एका साध्या शेतकऱ्याला अडचणीच्या वेळी विद्यापीठ आठवले. 'तिथे माझे ऐकतील' असा भरवसा त्याला होता. ज्या राज्यातला गरीब माणूस संकटात विद्यापीठाकडे धाव घेतो, त्या राज्याला खरी ध्वजनौका लाभली असे मी म्हणेन.

पाचवी कसोटी : तेथे खरे बोलता येते काय?

१८९४ साली याच विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड ईली यांच्यावर संपकऱ्यांना फूस दिल्याचा आरोप झाला. नियामक मंडळाने चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवले. आणि सत्य ज्या योगे सापडते ते निर्भयपणे पाखडणे-चाळणे या विद्यापीठात कायम चालू राहील, अशा आशयाचा ठराव केला. तो धातूच्या फलकावर कोरून तेथे लावलेला आहे. २०१५ साली त्या राज्याच्या राज्यपालांच्या अंदाजपत्रकात विद्यापीठाच्या उद्दिष्टांतून सत्यशोधनाची भाषा काढून राज्याला लागणारे मनुष्यबळ पुरवण्याची भाषा घालण्याचा प्रस्ताव आला. लोकांनी एवढा गहजब केला की तो मागे घ्यावा लागला.

'सर, सत्याने पोट भरते का? आम्हाला नोकरी हवी,' असे पालक म्हणतील. बरोबर आहे. ज्याच्या घरी मिळवता हात एकच आहे त्याने नोकरीचा विचार आधी करावा, यात काही वावगे नाही. पण बॅबकॉकने खरे-खोटे दूध वेगळे केले म्हणून त्या राज्याचा दुधाचा धंदा भरभराटला, हे विसरू नये. ज्या विद्यापीठात सत्याला जागा नाही, त्याच्या पदवीला बाजारातही फार दिवस किंमत राहत नाही.

आता आपल्याकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्याचे मूळ काम होते. स्वातंत्र्यानंतर दुसराही प्रवाह आला. १९६० साली पंतनगरला अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. दापोलीचे विद्यापीठ १९७२ सालचे. कोकणातल्या बागाईतदारांना 'रत्ना' आंबा ठाऊक आहे. नीलम आणि हापूस यांचा तो संकर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून १९८१ साली बाहेर पडला. म्हणजे विद्यापीठ घरापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्याकडेही आहे. वाट असली तरी तिच्यावरून चालणारे हवेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पालकांनी मुलाला पदवीला घालताना एवढेच पाहू नये की प्रवेश मिळाला. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे, तेथे ग्रंथालय कसे आहे, तास नियमित होतात का, शिष्यवृत्त्या कोणत्या आहेत, हे जाऊन विचारावे. संकोच करू नये. ते तुमच्या करांतून चालते. भाकरी, मीठ, काडेपेटी घेणारा प्रत्येक माणूस कुठे ना कुठे कर भरतो, तेव्हा मजुराचाही त्यात वाटा आहे. विद्यार्थ्यांनी पदवीवर थांबू नये. विद्यापीठाच्या विभागात जा, तेथील ग्रंथालयात बसा, 'मला संशोधन करायचे आहे' असे म्हणायला लाजू नका. आणि जे शिकून मोठे होतील त्यांनी आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न, मग तो पाण्याचा असो, यंत्रमागावरच्या कामगाराच्या खोकल्याचा असो वा मच्छीमाराच्या जाळ्याचा असो, विद्यापीठाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवावा. त्या शेतकऱ्याने रक्ताचा कॅन नेला नसता तर लिंक यांना कोडे पडलेच नसते. विद्यापीठाला मोठे करणारे अर्धे माणूस भिंतीच्या आत असते आणि अर्धे बाहेर.

ध्वजनौकेवर निशाण राज्याचे असते, आणि राज्य म्हणजे तुम्ही-आम्ही. तेव्हा ती आपली आहे असे समजून तिच्यावर चढा, तिच्याकडून मागा, आणि आपल्या पाठीमागून येणाऱ्यांसाठी शिडी खाली सोडून ठेवा.